मातीचं नाणं, कवडी आणि खेळातली नोट

धाराशिव शहरापासून जवळच तेर नावाचं गाव आहे. संत गोरा कुंभारांचं तेर. पण त्यांच्याही हजारेक वर्षं आधी हे गाव 'तगर' या नावाने पार रोमपर्यंत माहीत होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय की पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथून जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदरात येते. हे तगर म्हणजे नेमकं कुठलं गाव, यावर एकोणिसाव्या शतकात पंडित मंडळी भरपूर भांडली. कोणी जुन्नर म्हणालं, कोणी देवगिरी. शेवटी १९०१ मध्ये फ्लीट नावाच्या अभ्यासकाने तेरवर बोट ठेवलं. १९५८ मध्ये चापेकरांनी तिथे रीतसर उत्खनन केलं. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंचं आता तिथे सरकारी संग्रहालय आहे. त्या भागात गेलात तर चुकवू नका.

तर या तेरला एक गंमतशीर प्रकार सापडला. रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला! खऱ्या नाण्यावरून साचा काढायचा, त्यात माती दाबायची आणि भाजायची. दख्खनमधल्या बऱ्याच सातवाहनकालीन गावांत अशा नकला मिळाल्यात आणि अनेकींवर टायबेरियस बादशहाच्या नाण्यावरचा मुखडा आहे. काहींना ओवायला भोक किंवा कडी आहे, म्हणून अभ्यासक त्यांना दागिना मानतात. म्हणजे सोन्याचं नाणं परवडत नाही, मग मातीचं गळ्यात घाला. दोन हजार वर्षांपूर्वीची इमिटेशन ज्वेलरी म्हणा ना!

या नकला मुलांना आकडे शिकवायला केल्या होत्या असं मी अजिबात म्हणत नाही. पण 'खोटा पैसा' या विषयावर लिहायचं ठरवलं आणि धाराशिव जिल्ह्यातच त्याचा इतका जुना नमुना निघाला, म्हणून सुरुवात इथून. खरा विषय आहे खेळातल्या पैशांनी मुलांना मोजणं, बेरीज-वजाबाकी शिकवण्याचा. आणि त्याचा इतिहास वाटतो त्यापेक्षा बराच गुंतागुंतीचा आहे.

तेरहून तुळजापूरला चला. देवळाच्या वाटेवरच्या दुकानांतून कवड्यांच्या माळा लटकत असतात. आराधी, गोंधळी गळ्यात घालतात त्याच. भवानीच्या गळ्यातली ही कवडी एके काळी अस्सल चलन होती. मालदीवच्या समुद्रातून जहाजं भरभरून यायची आणि सगळ्यात हलका सुट्टा पैसा म्हणून चालायची. आता चलन गेलं, भाषेत मात्र शिल्लक राहिलं: कवडीमोल, कवडीचुंबक, फुटकी कवडी. शिवाय कवडी हे खेळण्याचंही साधन. सारीपाटात फासे नसतील तर कवड्या टाकायच्या आणि किती उताण्या पडल्या ते मोजायचं. (उताणी की पालथी, दोनच अवस्था. आपल्यासारख्यांनी याला बिट म्हणायला हरकत नाही.) म्हणजे एकच वस्तू बाजारात पैसा, पटावर फासा आणि देवीपुढे माळ. खरा पैसा आणि खेळातला पैसा यांच्यामधली भिंत आपण समजतो तेवढी जाड कधीच नव्हती.

आणि गणित? भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० ची. तिच्यात गणिताआधी परिभाषा येते आणि त्या परिभाषेच्या सुरुवातीलाच पैसा आहे. वीस वराटक म्हणजे कवड्या, त्यांची एक काकिणी. चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. आधी हे कोष्टक डोक्यात बसवा, मग पुढे या. पुढे अपूर्णांकांच्या भागात एक झकास गणित आहे. एका कंजुषाने याचकाला दान दिलं. किती दिलं? एका द्रम्माच्या निम्म्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या एक पंचमांशाच्या एक षोडशांशाचा चौथा हिस्सा! ऐकायला केवढं भारदस्त वाटतं. गुणत गेलात की १/१२८० येतं. आणि द्रम्मात कवड्या किती? २० गुणिले ४ गुणिले १६, म्हणजे १२८०. पठ्ठ्याने एक कवडी दिली! साडेआठशे वर्षांपूर्वीच्या पाठ्यपुस्तकात उत्तराचाच विनोद करणारा माणूस होता हे मला फार भारी वाटतं. (चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता. १२०७ चा शिलालेख आहे.)

पण नीट बघा. इथे पैसा समोर नाहीये. तो डोक्यात आहे. आपल्याकडची परंपरा पुढची कित्येक शतकं अशीच राहिली. पंतोजींच्या शाळेत पोरं धूळपाटीवर बोटाने अंक गिरवायची आणि संध्याकाळी एका सुरात पाढे म्हणायची. नुसते बे एके बे नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा! आज कोणाला सांगितलं तर लोक आपल्याकडे संशयाने बघतात. पण त्यामागे शुद्ध व्यवहार होता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पै. सोळाचे अर्धे करत जा: आठ, चार, दोन, एक, कुठेही अपूर्णांक येत नाही. आपण कॉलेजात हेक्साडेसिमल शिकताना जांभया दिल्या, आणि आपले पणजोबा किराणा दुकानात रोज त्यातच हिशोब करत होते. त्यात १९२ ला तीनानेही भाग जातो, म्हणजे तिघांत रुपया वाटला तरी ६४ पै प्रत्येकी. डिझाइन म्हणून बघितलं तर दशमान पैशापेक्षा सरसच.

आता धाराशिवची स्पेशल केस. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता (जिल्ह्याचं उस्मानाबाद हे नाव सातव्या निजामावरून, २०२३ पासून पुन्हा धाराशिव). संस्थानाचं नाणं वेगळं, 'हाली सिक्का'. त्यावर चारमिनार. १९१८ पासून तर संस्थानाच्या स्वतःच्या कागदी नोटाही होत्या आणि त्यांच्यावर उर्दू, इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू, कन्नडही छापलेलं असे. पण शेजारचं बार्शी-सोलापूर इंग्रजी मुलखात. तिथे चालायचा तो इंग्रज सरकारचा रुपया, त्याला मराठवाड्यात म्हणायचे 'कलदार'. आणि दोघांचा सरकारी भाव? शंभर कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली.

हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, कुठल्या कारकुनाने वैतागून लिहिलाय हा! मग वहीवर मांडला. १० आणे ८ पै म्हणजे १२८ पै, आणि १२८ भागिले १९२ म्हणजे बरोबर दोन तृतीयांश. म्हणजे ११६ पूर्णांक दोन तृतीयांशाला शंभर. म्हणजेच सात हालीला सहा कलदार. एकदम साफ गुणोत्तर. साडेतीन हालीचे तीन कलदार. झाली ना औटकी कामाची! उलट एका कलदारचे हाली किती, तर १ रुपया २ आणे ८ पै. बार्शीच्या बाजारात कापूस नाहीतर ज्वारी विकून परत येणाऱ्या माणसाला हे येता-जाता करावं लागे. त्याच्या पोराने 'गुणोत्तर-प्रमाण' हा शब्द कधी ऐकला नसेल, पण सात-सहाचा भाव त्याला ठाऊक असणार, कारण चुकला तर नुकसान घरचं.

मग सगळं भराभर बदललं. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं. १९५० च्या दशकात हाली सिक्का बाद झाला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. आणि १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली: रुपयाचे १०० 'नये पैसे'. विचार करा, उस्मानाबादेत १९४० च्या सुमारास जन्मलेल्या माणसाने मिसरूड फुटेपर्यंत तीन चलनं हाताळली. हाली, कलदार आणि नया पैसा. आपण एक्सेलची नवी आवृत्ती आली तरी कुरकुर करतो.

संक्रमणाच्या त्या काळात जुनी आणि नवी नाणी एकत्र चालत होती. आण्याचे नये पैसे सव्वासहा होतात, पण पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून तक्ता ठरला: एक आणा ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. आता गंमत बघा. एकेक आणा करून चारदा पैसे दिले तर २४ नये पैसे, एकदम चार आणे दिले तर २५. राउंडिंग एरर सरकारी शिक्क्यानिशी! 'नये' हा शब्द १ जून १९६४ पासून गेला. चार आण्यांचं नाणं मात्र पंचवीस पैसे होऊन ३० जून २०११ पर्यंत जगलं आणि मग तेही गेलं.

मला या सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. १९५७ पर्यंत शाळेतले आकडे दहाच्या भाषेत चालायचे आणि बाजारातला पैसा चार-बारा-सोळाच्या. दोन्हींचा सांधा जुळत नव्हता. ५२ मधला ५ म्हणजे पाच दशक, हे आणे दाखवून कसं शिकवणार? दशमान पैसा आला आणि प्रथमच पैसा हेच एकक-दशक-शतकाचं चित्र झालं. एक रुपया, दहाची नोट, शंभराची नोट. स्थानिक किंमत खिशात आली. पावकी-औटकी हळूहळू शाळेतून गेली (मला थोडं वाईट वाटतं, पण असो) आणि नाणी-नोटांचा पाठ पहिली-दुसरीच्या पुस्तकात पक्का बसला.

युरोपात हा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. तिथे सोळाव्या-सतराव्या शतकात जर्मनीतल्या न्युरेम्बर्गला पितळेच्या पातळ चकत्यांचा मोठा धंदा होता. दिसायला नाण्यासारख्या, पण किंमत शून्य. फळ्यावर रेघा मारून त्यावर या चकत्या सरकवत व्यापारी हिशोब करायचे. म्हणजे खोटा पैसा खऱ्या पैशाचा कॅल्क्युलेटर होता. पुढे कागदावर आकडेमोड करायची पद्धत पसरली, चकत्यांचं काम संपलं आणि त्याच कारागिरांनी मुलांच्या खेळातली नाणी काढायला सुरुवात केली. तुळजापूरच्या कवडीसारखंच म्हणायचं. कामातून सुटलेली वस्तू मुलांच्या हातात येते.

आता वर्गात या. जिल्हा परिषदेच्या शाळेतली गणिताची पेटी उघडली तर त्यात मणी असतात, दहा-दहाच्या माळा असतात आणि एक, दहा, शंभरच्या खेळातल्या नोटाही असतात. माँटेसरी बाईंचे सोनेरी मणी प्रसिद्ध आहेत: एक मणी, दहा मण्यांची काडी, शंभराचा चौकोन, हजाराचा ठोकळा. तिथे शंभर हे दहापेक्षा डोळ्यांना दहापट मोठं दिसतं. नोटेचं तसं नाही. शंभराची नोट दहाच्या नोटेपेक्षा जेमतेम बोटभर मोठी. ती शंभर आहे हे मुलाने मानायचं असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर मणी म्हणजे प्रत्यक्ष डेटा आणि नोट म्हणजे पॉइंटर. म्हणून मण्यांआधी नोटा दिल्या की गोंधळ होतो. सात वर्षांचं पोर एक-एकच्या पाच नोटा घेईल आणि दहाची एक नको म्हणेल, कारण पाच जास्त दिसतात. त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे!

पण एकदा का नोट कळली, की मराठीत तिचा दुप्पट उपयोग आहे. आपले संख्यांचे शब्द उलटे. बावीस ठीक, पण त्रेपन्न आणि पस्तीस ऐकताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन', 'सत्तर दोन' अशी पर्यायी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? विधानसभेपर्यंत गेलं प्रकरण. गणित विषय समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, मुलांना सोपं जावं म्हणून जोड दिलीय. त्यावेळी व्हॉट्सॅपवर विनोद करणाऱ्यांपैकी किती जणांनी एखाद्या मुलाला ५३ आणि ३५ मध्ये अडखळताना पाहिलं होतं, देव जाणे. तिथे दहाच्या पाच आणि एकच्या तीन नोटा टेबलावर मांडा, शब्द कुठल्याही क्रमाने म्हणा, भांडण मिटतं.

'एकोणसाठ' तर थेट दुकानदाराचाच शब्द आहे. साठ दे, एक परत घे. दहाच्या सहा नोटा देऊन एक परत घेतलेल्या मुलाला तो शब्द पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

आणि हातचा! ५२ मधून २७ वजा कर. दोनातून सात जात नाहीत, मग शेजाऱ्याकडून एक हातचा घे, तो इकडे दहा होतो. का होतो? आपल्यापैकी बहुतेकांनी विचारलं नाही, विचारलं असतं तर धपाटा बसला असता. नोटांत बघा. दहाच्या पाच, एकच्या दोन. सात सुटे द्यायचेत, आहेत दोन. मग एक दहाची मोडा. आता दहाच्या चार, एकच्या बारा. सत्तावीस द्या, उरले पंचवीस. 'हातचा' म्हणजे सुट्टे करणे, बास. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या फक्त ३३.७ टक्के मुलांना अशी हातच्याची वजाबाकी जमली. तीनातल्या दोघांना जमली नाही. म्हणून हा विषय मला निव्वळ गमतीचा वाटत नाही.

मग सगळ्या शाळांत खोट्या नोटा वाटल्या की झालं? नाही ना. इथे संशोधन जरा चक्रावून टाकतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात १९८० च्या दशकात तीन अभ्यासकांनी बाजारात नारळ विकणाऱ्या पोरांना गिऱ्हाईक बनून प्रश्न विचारले. दहा नारळ घेतले तर किती? पोरांची ९८ टक्के उत्तरं बरोबर. मग त्याच पोरांना तीच गणितं कागदावर दिली. ३७ टक्के! १९८५ मध्ये तो निबंध छापून आला. चाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये, अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 'नेचर'मध्ये आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी १,४३६ मुलं आणि शाळेत जाणारी ४७१ मुलं. वीस रुपये किलोचे ८०० ग्रॅम बटाटे आणि पंधरा रुपये किलोचे एक किलो ४०० ग्रॅम कांदे, किती झाले, असल्या हिशोबात बाजारातली मुलं तोंडी तयार. पण कागदावरच्या साध्या भागाकारात अडकतात. आणि शाळेतल्या मुलांचं नेमकं उलटं. कागद येतो, बटाटे येत नाहीत.

तुळजापूरला नवरात्रात हळदी-कुंकवाच्या दुकानावर बसलेलं एखादं पोर डोळ्यासमोर आणा. गर्दीत पाचशेच्या नोटेतून बिनचूक सुट्टे देतं आणि सोमवारी वर्गात वजाबाकीला शून्य. त्याला गणित येत नाही असं कोण म्हणेल? पण प्रगतिपुस्तक तसंच म्हणतं, आणि हळूहळू ते पोरही तसंच म्हणायला लागतं.

अजून एक. २००९ मध्ये अमेरिकेत मॅकनील आणि सहकाऱ्यांनी मुलांना पैशांची शाब्दिक गणितं सोडवायला हुबेहूब नोटा-नाणी दिली. निकाल दुतोंडी निघाला. नोटा हाताळणाऱ्यांच्या एकूण चुका जास्त झाल्या, पण गणिताचा अर्थच न समजल्याच्या चुका कमी झाल्या. म्हणजे नोट समज देते आणि लक्ष विचलितही करते. माझं मत विचाराल तर खेळातली नोट जितकी साधी तितकी चांगली. गांधीजी, लाल किल्ला, चकचकीत धागा काही नको. एका रंगाचा कागद आणि त्यावर १०. मूल चित्रात रमलं की संख्या गेली. दुसरं म्हणजे नोटा आणि लिहिलेले आकडे शेजारी-शेजारी हवेत. नोट मोडली की त्याच क्षणी वहीवर ५ खोडून ४ करायचा. नुसता खेळ खेळला की बाजारातलं पोर तयार होतं, नुसती वही धरली की शाळेतलं.

आपल्या पिढीचं प्रशिक्षण अर्थात 'व्यापार'वर झालं. उन्हाळ्याची सुट्टी, पंखा, सतरंजी आणि बँकर व्हायला भांडणारी भावंडं. त्या खेळाचं मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईने १९०४ मध्ये पेटंट घेतलेल्या खेळात आहे. तिला जमीनदारी किती वाईट हे शिकवायचं होतं. आपण शिकलो ते मुंबईवर हॉटेल कसं बांधायचं. पण सुट्टे द्यायला शिकलो, हेही खरं. बँकर झालेल्याचं गणित सुधारायचंच, कारण बाकी तिघं त्याच्या हाताकडे बघत असायचे.

आणि हो, खोट्या नोटांवर कायद्याचं लक्ष असतं बरं का. खऱ्या नोटेसारखा दिसणारा कागद छापणं हा गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेच्या ४८९-इ कलमात त्याला १०० रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेत तो ३०० पर्यंत झालाय. म्हणून खेळण्यांच्या दुकानातल्या नोटांवर 'चिल्ड्रन बँक' नाहीतर 'मनोरंजन बँक' छापलेलं असतं. तरी फेब्रुवारी २०१७ मध्ये दिल्लीतल्या एका एटीएममधून 'चिल्ड्रन बँक ऑफ इंडिया'च्या दोन हजारांच्या नोटा बाहेर आल्याच! नोटबंदीनंतरचे दिवस, त्यामुळे लोकांना हसावं की रडावं कळेना.

सगळ्यात चांगली पद्धत मात्र माझ्या मते आपल्याकडे आधीच चालू आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांमधला बालबाजार. वर्षातून एक दिवस शाळेच्या पटांगणात पोती अंथरून मुलं घरून आणलेली मेथी, वांगी, लिंबं, आईने केलेली भजी विकायला बसतात. मराठवाड्यात थंडीत हुरड्याची कणसंही असतात. गावातले लोक येऊन घासाघीस करतात. पैसे खरे, पण दिवस खेळाचा. पैसा खरा आणि दुकान खोटं, नेमकी उलटी रचना! चुकलं तर दोन-पाच रुपये जातात, म्हणजे लक्ष लागण्याइतकं नुकसान आणि रडू न येण्याइतकं. दुसऱ्या दिवशी काही गुरुजी त्याच विक्रीचा हिशोब फळ्यावर मांडून घेतात. किती आणलं, किती विकलं, किती उरलं. रेसिफेच्या पोरांना जो पूल मिळाला नाही, तो इथे एका फळ्यावर तयार होतो.

आपल्या सोसायटीतल्या मुलांचं काय, हा प्रश्न राहतोच. घरात नाणं दिसत नाही, दूधवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळं फोनवर स्कॅन. मुलाला दिसतं ते एवढंच की आई फोन दाखवते, टिंग वाजतं आणि वस्तू मिळते. सुट्टे परत येण्याचा प्रसंगच नाही, मग वजाबाकी कुठे दिसणार? माझ्या एका सहकाऱ्याने यावर साधा उपाय काढलाय. दर रविवारी पोरीला दहा-दहाच्या नोटा आणि थोडी नाणी देऊन कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडे पाठवतो. मावशी मुद्दाम कधी कधी सुट्टे कमी देतात आणि तिच्या तोंडाकडे बघत बसतात.